ताई, फोन तुम्हीच उचला

पत्र : "मी थेट निवडणुकीतून सरपंच झाले त्याला आठ महिने झाले. गावची लोकसंख्या २,४०० च्या आसपास. गावठाण आणि तीन वाड्या. सकाळी सहाला फोन सुरू होतात ते रात्री दहापर्यंत. पाणी, लाईट, गटार, रेशन, घरकुल, भावकीची भांडणं, सगळं माझ्याकडेच येतं. मी रानात असले की मिस्टर फोन घेतात आणि 'होऊन जाईल' म्हणतात. मग लोक मला धरतात. गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज कोणीतरी टोमणे मारतं. उत्तर दिलं तर वाद वाढतो, नाही दिलं तर 'सरपंच गप्प का' म्हणतात. मागची ग्रामसभा कोरम नाही म्हणून तहकूब झाली. तहकूब सभेला तीस माणसं आली, त्यातली निम्मी भांडायला. काम करते, पण काम केलेलं कोणाला दिसत नाही. कसं करावं?"
— एक सरपंच, सातारा जिल्हा

सरपंचताई,

तुमच्या पत्रातले 'होऊन जाईल' हे दोन शब्द आधी गावातून हद्दपार करा. बोलणाऱ्याला वाटतं आपण धीर दिला. ऐकणारा मात्र मनात तारीख धरून बसतो, आणि ती तारीख त्याची त्यानेच ठरवलेली असते. मोटर जळाली की तो उद्याची आशा धरतो, तुम्हाला माहीत असतं की रिवाइंडिंगलाच दोन दिवस जाणार. तिसऱ्या दिवशी तो चिडून फोन करतो. मोटर लवकर बसली नाही याहून, आपल्याला खरं सांगितलं नाही याचा राग त्याला जास्त आलेला असतो.

म्हणून तक्रारीला उत्तरं तीनच ठेवा. पहिलं, 'झालं, अमुक दिवशी झालं'. दुसरं, 'अमुक तारखेपर्यंत होईल, नाही झालं तर त्याच दिवशी मी कळवीन'. तिसरं, 'हे ग्रामपंचायतीच्या हातात नाही, अमुक कार्यालयाचं आहे, तिथे मी पत्र देते, त्याची प्रत तुम्हाला देते'. यांतलं कुठलंच उत्तर तयार नसेल तर 'उद्या संध्याकाळी सांगते' म्हणा, आणि खरंच सांगा.

आता फोनचं. मिस्टरांचा हेतू मदतीचाच असणार, यात शंका घ्यायचं कारण नाही. पण त्यांनी दिलेला शब्द ग्रामपंचायतीला बांधत नाही, तो पाळायची पाळी मात्र तुमच्यावर येते. शिवाय दोन-चार वेळा असं झालं की लोक थेट त्यांच्याकडेच जायला लागतात आणि तुमच्या खुर्चीचं वजन कमी होतं. महिला सरपंचाच्या कारभारात नवऱ्याने किंवा नातेवाइकांनी हस्तक्षेप करू नये, असे शासनाचेही आदेश आहेत. मासिक सभेत त्यांना बसता येत नाही. ग्रामसभेत ते गावचे मतदार म्हणून येऊ शकतात, प्रश्नही विचारू शकतात, पण व्यासपीठावरून उत्तर द्यायचं काम तुमचंच. घरात एवढंच ठरवून टाका : तुम्ही रानात असताना त्यांनी फोन घेतला तर नाव, वाडी आणि काम वहीत लिहायचं आणि 'ताई संध्याकाळी सात ते आठमध्ये फोन करतील' इतकंच बोलायचं. तुमच्या फोनची वेळही ठरवा, सकाळी सात ते साडेआठ आणि संध्याकाळी सात ते आठ. ती ग्रामपंचायतीच्या फळ्यावर, रेशन दुकानात, अंगणवाडीत आणि दूध संकलन केंद्रावर लिहून लावा. आग, अपघात, तुटलेली वीजतार, बाळंतपण यांना वेळ लागू नाही, हेही त्याच कागदावर असू द्या. पहिले पंधरा दिवस लोक अवेळीच फोन करतील. पण ठरल्या वेळी तुम्ही हमखास भेटता हे कळलं की तेही वेळ पाळू लागतात.

वही मात्र लागेलच. कार्यालयात आवक-जावक नोंदवही असते, ती वेगळी. लेखी अर्ज आला की त्याला आवक क्रमांक पडला पाहिजे आणि अर्जदाराला शिक्क्याची पोच मिळाली पाहिजे, याबाबत कर्मचाऱ्यांना सूट देऊ नका. तुमची स्वतःची वही तोंडी तक्रारींची. दोनशे पानी घ्या, आडवी धरून सात रकाने आखा : क्रमांक, तारीख, नाव आणि वाडी, काम, कोणाच्या अखत्यारीतलं, काय केलं, कळवलं कधी. शेवटचा रकाना सगळ्यात जास्त रिकामा राहतो. काम होतं आणि सांगायचं राहून जातं. 'काम केलेलं दिसत नाही' असं तुम्ही लिहिलंय, त्याचं मोठं कारण बहुधा तिथेच सापडेल. दर सोमवारी ग्रामपंचायत अधिकाऱ्यांसोबत (पूर्वीचे ग्रामसेवक) ही वही उघडून बसा. अर्धा तास पुरतो.

'कोणाच्या अखत्यारीतलं' हा रकाना भरायला सुरुवातीला अवघड जाईल. तुमच्याकडे येणाऱ्या बऱ्याच कामांचा अधिकार तुम्हाला नाहीच, आणि 'मला अधिकार नाही' म्हणायचा संकोच वाटून सरपंच फुकटचा शब्द देऊन बसतात. सातबारा, फेरफार, ८अ (शेतजमिनीचा खातेउतारा) हे ग्राम महसूल अधिकाऱ्याचं, म्हणजे पूर्वीच्या तलाठ्याचं काम. ग्रामपंचायतीचा असतो तो नमुना ८, घर-मिळकतीच्या कर आकारणीचा उतारा. ८अ आणि नमुना ८ यांत लोक हमखास गोंधळतात आणि चुकीच्या दारात हेलपाटे घालतात. रेशनकार्ड तहसीलच्या पुरवठा शाखेकडे. खांबावरचा दिवा ग्रामपंचायतीचा, पण तार आणि डीपी महावितरणची. तिथे १९१२ वर तक्रार नोंदवायची आणि तक्रार क्रमांक वहीत लिहायचा. पुढे कनिष्ठ अभियंत्याशी बोलताना तो क्रमांक हाताशी असला की बोलणं लवकर मार्गी लागतं.

रस्त्यांचं असंच. गावठाणातले रस्ते तुमचे, ग्रामीण मार्ग आणि इतर जिल्हा मार्ग जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाचे, प्रमुख जिल्हा मार्ग आणि राज्यमार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाचे. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेतला रस्ता असेल तर पाच वर्षं देखभाल त्याच ठेकेदाराकडे असते. रस्त्याकडेच्या फलकावर काम पूर्ण झाल्याची तारीख असते, तिचा फोटो काढून अर्जाला जोडा. घरकुलाबाबत तर फारच स्पष्ट बोला. यादीत नाव घालणं सरपंचाच्या हातात नाही, आणि हप्ता थेट लाभार्थ्याच्या खात्यावर येतो. हे गावात उघड सांगितलं नाही, तर मधल्या माणसांना 'सरपंचाला सांगून करून देतो' म्हणत पैसे उकळायला मोकळं रान मिळतं.

भावकीची बांधाची, वाटेची भांडणं तंटामुक्त समितीपुढे ठेवा. तुम्ही एकटीने निवाडा करू नका, एक घर कायमचं तुटतं. पण बाईला मारहाण, मुलीची छेडछाड, बालविवाह असल्या गोष्टी 'गावात मिटवू' म्हणून समितीकडे कधीच नेऊ नका. ११२ पोलिसांचा, १८१ महिलांच्या मदतीचा, १०९८ मुलांसाठीचा. हे तीन आकडे अंगणवाडीच्या भिंतीवर ठळक रंगवून घ्या. तुम्ही बाई आहात म्हणून जी मुलगी तुमच्यापर्यंत येईल ती बहुधा आधी दुसऱ्या कोणाकडे गेलेली नसेल. तिचं नाव वहीत लिहू नका.

आता ग्रुपकडे वळू. गावच्या गप्पांचा ग्रुप आहे तसा असू द्या, त्यावर वाद घालायला जाऊ नका. ग्रामपंचायतीच्या नावाने दुसरा ग्रुप काढा, त्याच्या सेटिंगमध्ये 'फक्त ॲडमिन संदेश पाठवू शकतात' हे चालू करा, आणि ॲडमिन दोघंच ठेवा : तुम्ही आणि ग्रामपंचायत अधिकारी. ब्रॉडकास्ट यादी त्याला पर्याय नाही. ती एका वेळी २५६ जणांपुरतीच असते आणि ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच संदेश पोचतो. या ग्रुपवर वाढदिवस, पक्षाचे फोटो, सत्कार काही नको. पहिला हार-तुऱ्यांचा फोटो पडला की लोक ग्रुप म्यूट करतात, आणि पाण्याची सूचनाही मग कोणी वाचत नाही.

संदेश कसा असावा, तर असा : 'वरच्या वाडीची मोटर मंगळवारी रात्री जळाली. बुधवारी बाहेर काढून रिवाइंडिंगला दिली. शुक्रवारी सायंकाळपर्यंत बसेल. तोवर गावठाणच्या टाकीवरून सकाळी ७ ते ८ पाणी मिळेल. पुढची माहिती शुक्रवारी रात्री ८ वाजता.' काय झालं, काय केलं, कधी होईल, तोवर काय, आणि पुढची खबर कधी. यातलं शेवटचं वाक्य सगळ्यात उपयोगाचं. पुढची खबर कधी येणार हे माहीत असलं की मधल्या काळातले फोन थांबतात. शुक्रवारी मोटर बसली नाही, तरी आठ वाजता संदेश पडलाच पाहिजे. उलट न झालेल्या कामाचा संदेश जास्त महत्त्वाचा. सरपंच नेमके तिथेच गप्प बसतात.

गप्पांच्या ग्रुपवर कोणी टोमणा मारला आणि त्यात खरी तक्रार असेल, तर एकच ओळ लिहा : 'नोंद घेतली, वही क्रमांक ११४, गुरुवारपर्यंत कळवते.' त्यापुढे एक शब्दही नको. कोणाचं आधार कार्ड, आजारपण, निराधार असल्याचा दाखला यांचे फोटो कुठल्याच ग्रुपवर टाकू नका, लाभ मिळाल्याचा आनंद दाखवण्यासाठीसुद्धा.

आणि मोबाइल सगळ्यांकडे नसतो हे विसरू नका. म्हाताऱ्या माणसांकडे, अनेक सुनांकडे, मेंढरं घेऊन फिरणाऱ्यांकडे तुमचा संदेश जाणारच नाही. त्यांच्यासाठी फळा, देवळाचा भोंगा आणि दवंडी आजही चालते. ग्रामसभेची सूचना नुसती ग्रुपवर टाकून भागत नाही हे तर नियमातच आहे. नोटीस फलकावर लागली पाहिजे आणि दवंडी पिटली पाहिजे.

ग्रामसभेवर थोडं सविस्तर लिहावं लागेल, कारण तुमची अर्धी डोकेदुखी तिथली आहे. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ प्रमाणे आर्थिक वर्षात किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात, आणि पुरेसं कारण नसताना त्या घेतल्या नाहीत तर सरपंचपद जाऊ शकतं. नोटीस सात दिवस आधी. गणपूर्ती, म्हणजे कोरम, एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी जो आकडा लहान तो. तुमच्या गावात समजा १,७०० मतदार आहेत, तर १५ टक्के होतात २५५. म्हणजे तुम्हाला १०० माणसं लागतात. तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही, पण तीत आधीच्या नोटिशीतलेच विषय घ्यायचे, नवा विषय नाही. ही सवलत काही गावांत सवयच होऊन बसते : पहिली सभा नावापुरती, खरी सभा तहकूब. मग पंधरा-वीस माणसं गावाचे ठराव करतात आणि बाकीचे वर्षभर 'आम्हाला विचारलं कुठे' म्हणतात. त्यांचं म्हणणं चुकीचंही नसतं.

शंभर माणसं कशी येतील? बाजाराचा वार, मोठं लग्न, पेरणीची घाई टाळून वेळ ठरवा. २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्ट या तारखांना झेंडावंदनानंतर ताबडतोब सभा लावली तर पुरुष थांबतात, बायका घरी कामाला जातात. त्यासाठीच आधी महिलांची सभा घ्यायची असते. ती कागदोपत्री उरकू नका, दुपारी दोन ते चार अंगणवाडीत घ्या. तिथे ठरलेले विषय मुख्य सभेच्या विषयपत्रिकेत वरच्या क्रमांकावर येऊ द्या आणि ते मांडायला त्या बायकांनाच उभं करा. सदस्यांनीही आपापल्या वॉर्डात ग्रामसभेआधी बैठक घ्यायची असते. तीन वाड्यांचे सदस्य तीन बैठका घेऊन आले तर प्रत्येक वाडीतून पंचवीस-तीस माणसं सहज येतील, कारण आपला विषय निघणार आहे हे त्यांना आधीच ठाऊक असेल.

सभेची सुरुवात मागच्या ठरावांपासून करा. कोणता ठराव झाला, त्याचं पुढे काय झालं, काय अडलं, हे तुम्ही स्वतः वाचा. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी भरभर वाचून टाकण्याची गोष्ट ही नव्हे. त्यानंतर जमाखर्च. नुसती बेरीज सांगू नका, कामागणिक सांगा : पाइपलाइन दुरुस्तीला किती, दिव्यांना किती. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातून १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. ते केले का, कोणासाठी केले, हे कोणी विचारण्याआधी तुम्हीच सांगा. 'पैसे आलेत मग देवळापुढे पेव्हर ब्लॉक का नाही' हा प्रश्न येणारच. पंधराव्या वित्त आयोगाच्या (२०२१ ते २०२६) निधीत दर दहा रुपयांतले सहा पाणी आणि स्वच्छतेसाठीच बांधलेले आहेत, ते दुसरीकडे वळवता येत नाहीत. एवढं फळ्यावर लिहून दाखवलंत की निम्मे वाद मिटतील. 'मेरी पंचायत' ॲपवर गावाला आलेला निधी आणि झालेले खर्च कोणालाही पाहता येतात. गावातल्या दोन कॉलेजच्या पोरांना सभेतच ते उघडून दाखवायला लावा. माहिती तुम्ही दिलीत तर ती तुमची बाजू होते, दुसऱ्याने शोधून आणली तर तोच आरोप होतो.

भांडायला येणाऱ्यांना दोन दिवस आधी गाठा. तुमची तक्रार लिहून द्या, सभेत तिला क्रमांकाने उत्तर देईन, असं सांगा. सभेत प्रत्येकाला तीन मिनिटं. उत्तर माहीत नसेल तर अंदाजाने बोलू नका, तारीख द्या. ठराव लिहिताना काम काय, कुठे, किती रकमेचं, कोणत्या निधीतून, आणि सूचक-अनुमोदक कोण हे स्पष्ट लिहून घ्या, आणि लोक उठायच्या आत मोठ्याने वाचून दाखवा. हजेरीवरच्या शेवटच्या सहीखाली आडवी रेघ मारून एकूण संख्या अंकी आणि अक्षरी लिहा. प्रोसिडिंग बुकात, म्हणजे सभेच्या इतिवृत्ताच्या वहीत, एकही ओळ कोरी सोडू नका. मागाहून घुसडलेल्या नावांमुळे आणि ठरावांमुळे सरपंचांवर चौकश्या लागलेल्या आहेत, आणि अशा चौकशीत 'मला माहीत नव्हतं' हे उत्तर चालत नाही.

तुम्ही विचारलं नाहीत, तरी एक गोष्ट सांगायलाच हवी. ई-ग्रामस्वराज या पंचायतींच्या ऑनलाइन पोर्टलवरून पैसे जातात ते तुमच्या आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांच्या डिजिटल स्वाक्षरीने. ती स्वाक्षरी ज्या पेनड्राइव्हसारख्या टोकनमध्ये असते ते टोकन आणि त्याचा पासवर्ड सध्या कोणाकडे आहे? संगणकचालकाच्या टेबलाच्या खणात असेल तर आजच घरी आणा. टोकन दुसऱ्याच्या हातात देणं म्हणजे सही केलेला कोरा चेक देण्यासारखं आहे. बिल, मोजमाप पुस्तिका आणि कामाचा फोटो समोर ठेवल्याशिवाय ते लावू नका. स्वतःच्या घराची पट्टी मुदतीत भरा. मागणी बिल मिळाल्यावर तीन महिन्यांत कर भरला नाही तर सदस्यत्व धोक्यात येतं. ग्रामपंचायतीच्या कामात तुमचा किंवा घरच्यांच्या आडून तुमचा हिस्सा निघाला तरी तेच. मोटर दुरुस्तीचं बिल दिराच्या दुकानाचं असेल, तर काम कितीही चोख झालेलं असो, त्या बिलावर तुम्ही सही करू नका.

उन्हाळ्यासाठी आतापासून एक हिशेब करून ठेवा. ग्रामीण भागात टँकरचं पाणी माणशी रोज २० लिटर धरलं जातं. तीनशे माणसांच्या वाडीला ६,००० लिटर, म्हणजे १२,००० लिटरच्या टँकरची अर्धी खेप. हे वाडीला आधी सांगितलं नाही तर लोक जलजीवन नळयोजनेच्या माणशी ५५ लिटरची अपेक्षा धरतात आणि टँकर आला तरी बोल तुम्हालाच लागतो. टँकर मागायचा तर ठराव, पंचायत समितीकडे प्रस्ताव, मग तहसीलदार आणि गटविकास अधिकाऱ्यांची संयुक्त पाहणी, असा क्रम असतो. यात दिवस जातात, म्हणून विहीर तळाला लागायची वाट पाहू नका. टँकरच्या लॉगबुकावर वाडीतल्याच दोन बायकांची सही घ्या, वेळेसकट.

आता सुरुवात कुठून? आठवड्यातला एक दिवस वाड्यांसाठी राखून ठेवा. बुधवार म्हटलं तर बुधवारच, सायंकाळी पाच ते साडेसहा, पाळीपाळीने एकेक वाडी, म्हणजे प्रत्येकीचा नंबर तीन आठवड्यांनी येतो. तारखा आधीच फळ्यावर लावा. जाताना वही, ग्रामपंचायत अधिकारी आणि जलसुरक्षक (गावच्या पाण्याची शुद्धता पाहणारा) बरोबर घ्या. वाडीच्या शेवटच्या नळावर पाण्याची ओटी टेस्ट (पाण्यात क्लोरीन आहे का ते दाखवणारी चाचणी) सगळ्यांसमोर करून दाखवा. टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकूनही पिवळा रंग आला नाही, तर एक तर पावडर उघडी राहून तिचा कस गेलाय किंवा वाटेत पाइप फुटलाय, आणि दोन्हींचा शोध दुसऱ्याच दिवशी घ्यायचा. मग मागच्या खेपेच्या तक्रारी एकेक वाचा, नव्या लिहून घ्या, आणि चहाला कोणा एकाच्याच घरी जाऊ नका, पारावर किंवा अंगणवाडीत बसा. पहिला बुधवार त्या वाडीला द्या, जिथून तुम्हाला सगळ्यात कमी मतं पडली होती.